चार महिन्यांची धूळ

१९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज रूळ मनमाडहून निघून जालना, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा असा निजामाच्या मुलखातून पुढे गेला. दिवस दुष्काळाचे होते. तोवर या भागातल्या गावरानी कापसाची सरकी घरोघरी लाकडी चरखीवर निघायची आणि रुई बैलगाडीने बाजार गाठायची. रूळ आला तशा सेलू, मानवत, परभणी या गावांत पत्र्याच्या शेडी आणि उंच धुराडी उभी राहू लागली. जिन आणि प्रेस. एका दाराने कापसाच्या गाड्या आत जायच्या, दुसऱ्या दाराने लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली गठाण बाहेर पडून वाघिणीत चढायची आणि मनमाडला गाडी बदलून मुंबईला जायची.

परभणीच्या कापसाचा इतिहास लिहिणारे भाव सांगतात, मोंढा सांगतात, वाण सांगतात. ते सगळे सांगण्यासारखे आहेच. गावरानी कापसात हलक्या प्रतीचा कापूस मिसळू नये म्हणून निजाम सरकारने कायदा केला होता, म्हणजे कापसाच्या अब्रूची काळजी तेव्हाही घेतली जात होती. या इतिहासातली एक बाजू मात्र कुठल्याच वहीत नीट उतरली नाही. सरकीपासून रुई सुटताना जी धूळ उडते, ती कुठे गेली? ती माणसांच्या छातीत गेली. बहुतेक छातींनी ती परत बाहेर टाकली, आणि काही छातींना ते जमले नाही.

जिनचे यंत्र समजून घेतले तर धूळ कुठून येते ते कळते. आपल्याकडे चालतो तो रोलर जिन. त्याचे मूळ पेटंट अमेरिकेतल्या फोन्स मॅकार्थीने १८४० मध्ये घेतले. चामड्याचा एक जाड रोलर फिरत असतो, त्याला एक स्थिर सुरी घट्ट टेकलेली असते. कापसाचे तंतू रोलरच्या खरखरीत अंगाला चिकटून सुरीखाली ओढले जातात, सरकी बाहेरच अडते, आणि दुसरी हलती सुरी त्या सरकीला एकसारखे टोले मारून खाली पाडते. हे मिनिटाला शेकडो वेळा घडते. प्रत्येक टोल्यासरशी कापसात अडकलेले बाकीचेही झडते: बोंडाखालच्या वाळक्या पानांचा चुरा, कवडीची टरफले, शेतातली माती, पावसात भिजलेल्या बोंडावरची बुरशी, आणि पाल्यावर वाढलेले जिवाणू. फरतडचा, म्हणजे हंगामानंतरही उभ्या ठेवलेल्या पिकाचा, कापूस असेल तर कचरा आणखी वाढतो. अशी दहा-वीस यंत्रे एका रांगेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यासमोर ओंजळीने कापूस घालणाऱ्या बाया. नाकातोंडावरून पदर किंवा स्कार्फ आवळलेला, भुवया आणि पापण्या रुईने पांढऱ्या झालेल्या. जिनातून घरी आलेल्या बाईला सांगावे लागत नाही, ती कुठून आली ते.

पण ती पांढरी रुई खरी अपराधी नाही. कापसाचा तंतू दोन-तीन सेंटिमीटर लांब आणि पंधरा-वीस मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढा मोठा ऐवज नाकाच्या पलीकडे फारसा जात नाही. नाकातले केस आणि नाकाच्या आतली ओलसर, वळणावळणाची वाट दहा मायक्रॉनपेक्षा मोठे बहुतेक कण तिथेच थोपवते, आणि शिंकेने किंवा शेंबडातून ते बाहेर पडतात. छातीत उतरतो तो पाल्याचा आणि मातीचा न दिसणारा चुरा. पदराच्या विणीतूनही तोच आरपार जातो. म्हणून पदर झटकला की रुईचा ढग उडतो आणि बाईला वाटते, आपण वाचलो.

नाक ओलांडून गेलेल्या कणासाठी दुसरी व्यवस्था आहे. श्वासनलिका आत फांद्या फुटत फुटत वीसहून अधिक वेळा विभागत जाते, आणि तिच्या बहुतेक लांबीला आतून अतिसूक्ष्म रोमांचे अस्तर असते. एकेका पेशीवर असे दोनेकशे रोम. ते पातळ पाण्यात उभे असतात आणि त्यांच्या टोकांवर चिकट कफाचा एक पापुद्रा तरंगतो. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वाऱ्याची लाट जावी तसे हे रोम एकामागून एक वाकत जातात, सेकंदाला दहा-पंधरा वेळा, आणि लाट नेहमी घशाच्या दिशेने. कफात रुतलेला कण मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने वर चढतो. घशाशी आला की आपण तो नकळत गिळतो किंवा खाकरून थुंकतो. मोठ्या नळ्यांत अडकलेली बरीचशी धूळ अशी दिवसाभरात निघून जाते. रात्री घरी आल्यावर जिनातल्या माणसाच्या बेडक्यात जो काळपट करडा रंग दिसतो, तो या कामाचा पुरावा. त्याला पाहून घाबरायचे कारण नाही. छाती आपले काम करते आहे.

दोन-तीन मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र याही पलीकडे, वायुकोशांत पोहोचतात. हे कोश तीस कोटींहून अधिक आहेत आणि त्यांची भिंत इतकी पातळ असते की प्राणवायू तिच्यातून सरळ रक्तात जातो. तिथे रोम नाहीत, कफ नाही. असते तर वायूच्या वाटेत आले असते. तिथे पहारा देतात त्या भक्षक पेशी. त्या भिंतीवरून सरपटत फिरतात, कण दिसला की त्याला अंगाने वेढून गिळतात, आणि तो घेऊन एक तर रोमांच्या वाटेपर्यंत चढतात किंवा लसिकाग्रंथींकडे वळतात. हे काम दिवसांत संपत नाही, त्याला महिने लागतात.

ही सगळी व्यवस्था माणसाला कळायला फार वेळ लागला, आणि तो वेळ नेमका कापसाच्या यंत्रांचा काळ होता. ब्रेस्लाऊच्या पुर्किन्ये आणि व्हॅलेंटिन यांनी सस्तन प्राण्यांच्या श्वसनमार्गात हलते रोम पाहिले ते १८३४ मध्ये. त्याच्या तीन वर्षे आधी, १८३१ मध्ये, मँचेस्टरच्या जेम्स फिलिप्स के या डॉक्टरने सूतगिरणीतल्या कामगारांच्या छातीच्या दुखण्यावर लेख लिहून धुळीकडे बोट दाखवले होते. आत काय चालते हे माहीत नसतानाही त्याने रोगी ओळखला. बेल्जियममधल्या घेंट शहरात मारेस्का आणि हेमन यांनी १८४५ च्या सुमारास कापूस गिरणीतल्या कामगारांचे म्हणणे टिपून ठेवले: धूळ सोमवारी आणि मंगळवारी जास्त छळते. भक्षक पेशींची कल्पना इल्या मेचनिकॉफला १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेस्सिना इथे सुचली, तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचून बघताना. १९०८ चे नोबेल त्याला पाउल एर्लिखबरोबर विभागून मिळाले. आजाराला बिसिनोसिस हे नाव फ्रेंच वैद्य आद्रियाँ प्रूस्तने १८७७ मध्ये दिले. कादंबरीकार मार्सेल प्रूस्तचे हे वडील.

मेचनिकॉफच्या प्रयोगाच्या आदल्या वर्षी, १८८१ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसे असलेला, यंत्रशक्तीवर चालणारा, आणि वर्षात चार महिन्यांहून जास्त चालणारा तो कारखाना, अशी त्याची व्याख्या होती. चार महिन्यांची ही अट वाचताना मी थांबतो. कापसाचा हंगामच मुळात चार-सहा महिन्यांचा. या एका अटीने अनेक जिन कायद्याच्या बाहेर राहिले. १८८४-८५ च्या मुंबईच्या कारखाना आयोगापुढे खानदेशातल्या जिनांच्या एका व्यवस्थापकाने जी साक्ष दिली ती आजही अंगावर येते. पहाटेपासून रात्री दहापर्यंत काम हे नेहमीचे. भर हंगामात तर तेच हात, बाया आणि पुरुष, रात्रंदिवस, सलग आठवडाभर. त्यापुढे शरीर चालत नाही म्हणून मिळाली तर नवी माणसे आणायची. ही साक्ष ब्रिटिश हद्दीतली. निजामाच्या हद्दीत ते कायदेही लागू नव्हते आणि ते आयोगही फिरकले नाहीत, त्यामुळे परभणीच्या बाजूची अशी साक्ष कुणी घेतलीच नाही. खानदेशातले जळगाव आणि मानवत यांच्यातले अंतर पाहता, आणि यंत्र तेच, हंगाम तोच हे पाहता, पुढे जिन आल्यावर इथे काही फार वेगळे घडले असेल असे मला वाटत नाही.

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव इथे यायलाच हवे. फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा घेऊन त्यांनी साडेपाच हजार सह्यांचे निवेदन त्याच आयोगाकडे दिले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्याला आधार. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत दहा हजारांची सभा भरली, तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले.

मागण्यांच्या त्या यादीत धूळ नाही, आणि त्याबद्दल त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. वेळ हीच तेव्हा मोठी मागणी होती. पण वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर रविवारने एक गोष्ट घडवली. सुट्टीचा दिवस मिळाल्याशिवाय सोमवार दिसत नाही.

कापसाच्या पाल्यावरच्या जिवाणूंच्या कवचात एंडोटॉक्सिन नावाचे द्रव्य असते. ते वायुकोशात पोहोचले की भक्षक पेशी नुसती गिळून थांबत नाही, ती रक्तातल्या दुसऱ्या पेशींना हाका मारते. सूज येते, श्वासाच्या बारीक नळ्या आवळतात, छातीवर कुणी बसल्यासारखे होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीर त्या हाकेला काहीसे बधिर होते, म्हणून त्रास कमी वाटतो. सुट्टीत ते बधिरपण ओसरते आणि परतल्या दिवशी छाती पुन्हा कोंडते. सुरुवातीची वर्षे फक्त पहिला दिवस वाईट. मग सोमवारबरोबर मंगळवार, मग सगळा आठवडा. शेवटी सुट्टीतही धाप सुटत नाही. आणि या सगळ्यात एक्स-रे बहुधा स्वच्छच दिसतो. दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसमध्ये फुप्फुसात गाठी दिसतात, इथे काही दिसत नाही. म्हणून कापसाच्या कामगाराच्या धापेला पिढ्यान्‌पिढ्या दमा म्हटले गेले, क्षय म्हटले गेले, नाही तर विडीच्या नावावर टाकले गेले. विडी निर्दोष नाही. तिचा धूर रोमांची हालचाल मंदावतो आणि धूळ आतच रेंगाळते. पण विडी न ओढणाऱ्या बायांनाही धाप लागते.

हा आजार दाखवून देण्याचा मार्ग सापडला तो साध्या फुंकरीत. इंग्लंडमध्ये रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांत कामगारांना सोमवारी कामाआधी आणि कामानंतर एका यंत्रात जोराने फुंकायला लावले. त्या फुंकरीत किती हवा बाहेर पडते ते मोजले. सकाळ आणि संध्याकाळ यांतला फरक म्हणजे त्या दिवशीच्या धुळीने घेतलेला वाटा. आजार कामगाराच्या तोंडच्या तक्रारीतून कागदावरच्या आकड्यात आला.

आपल्याकडे हा आजार नाहीच, किंवा फार विरळा आहे, असे बराच काळ मानले जात होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची तपासणी करून तो समज मोडला. पुढे १९९० च्या दशकात ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर या संस्थेचे विजय कान्हेरे आणि डॉ. व्ही. मुरलीधर यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा पाठपुरावा केला, फुंकरीचे आकडे घेऊन नुकसानभरपाईसाठी झगडा दिला. १९८२ च्या संपाने गिरणगाव मोडलेले, गिरण्या बंद पडत चाललेल्या, आणि त्या मोडत्या काळात काही कामगारांना निदान आपल्या आजाराचे नाव तरी मिळाले.

गिरणी कामगाराला हे मिळू शकले कारण त्याच्या हातात कर्मचारी राज्य विम्याचे कार्ड होते. इथेच परभणीची वाट वेगळी होते. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता, आणि हंगामी कारखाना म्हणजे काय हे सांगताना त्या कायद्याने सरकी काढणे आणि कापूस दाबणे ही कामे नाव घेऊन नोंदवली होती, गूळ, साखर, चहा, रबर यांच्याबरोबर. १९४८ हेच साल मराठवाड्याच्या मुक्तीचे. १७ सप्टेंबरला निजामशाही गेली, परभणी जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, नवे कायदे इथेही लागू झाले, आणि जिनातली बाई त्यांच्या एका व्याख्येतून पुन्हा निसटली. १९८४ च्या दुरुस्तीने नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत बिसिनोसिस आला खरा, पण तो अशा भागात, जिथे सरकारने ठरवलेल्या मुदतीची सलग नोकरी दाखवावी लागते. दिवाळीनंतर जिन, उन्हाळ्यात विटभट्टी किंवा रोजगार हमी, पावसाळ्यात निंदणी-खुरपणी, पुन्हा दिवाळीनंतर कदाचित दुसराच जिन. तिने सलग नोकरी आणायची कुठून? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही विम्याच्या प्रकरणातून हंगामी कारखाना वगळलेलाच आहे.

हे फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये कापसाच्या धुळीची कमाल मर्यादा ठरली. सूतगिरण्यांची मर्यादा १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात टिकली. जिनसाठीचा वेगळा नियम मात्र टेक्सासच्या जिनमालकांनी न्यायालयात नेला आणि १९८० मध्ये तो रद्द झाला. जिनचे काम हंगामी, आणि इतक्या कमी काळात कामगारांना गंभीर धोका असल्याचे सरकारने सिद्ध केलेले नाही, असा तो युक्तिवाद. टेक्सासचे जिन पुष्कळ यांत्रिक होते, तिथे ओंजळीने कापूस घालणाऱ्या बायांची रांग नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवे.

हंगाम थोडा म्हणून धोका थोडा, हे म्हणणे मला अर्धेच पटते. सहा-आठ महिने धूळ नाही म्हणजे छातीला स्वच्छ व्हायला वेळ मिळतो, हे खरे. वायुकोशातली सफाई महिन्यांच्या हिशेबाने चालते, आणि उन्हाळा-पावसाळा तिच्या कामी येत असणार. पण याच हिशेबाने दुसरी बाजूही पाहा. सहा-आठ महिन्यांत शरीराचे बधिरपण पूर्ण ओसरते, आणि हंगामाचा पहिला आठवडा जिनातल्या बाईसाठी एक लांबलेला सोमवार होऊन बसतो. जिन सुरू झाला की पहिले काही दिवस ताप आल्यासारखे होते, अंग मोडून येते, मग सवय होते, असे जिनात काम केलेली माणसे सहज सांगतात. सवय झाली म्हणून कुणी दवाखान्यात जात नाही. आणि दर हंगामात ती थोडी थोडी काय गमावते, हे मोजायला कुणी आलेले नसते.

गुळाबद्दल बोलायलाच हवे, कारण धुळीत काम करणाऱ्या माणसाच्या खिशात गुळाचा खडा असतोच. गुळाने धूळ उतरते असे सगळीकडे मानतात. लखनौच्या इंडस्ट्रियल टॉक्सिकॉलॉजी रिसर्च सेंटरमधल्या साहू आणि सक्सेना यांनी हीच समजूत तपासायला घेतली. उंदरांना कोळशाची धूळ दिली, काहींना गूळही दिला. गूळ खाल्लेल्या उंदरांत धुळीचे कण फुप्फुसातून लसिकाग्रंथींकडे जास्त प्रमाणात गेलेले दिसले, असे त्यांनी १९९४ मध्ये लिहिले. प्रयोग उंदरांवरचा, धूळ कोळशाची, एंडोटॉक्सिनचा त्यात विचार नाही. गुळाचा खडा जरूर खावा, तो उष्मांक देतो आणि थकल्या माणसाला बरे वाटते. पण मालकाने गूळ वाटला म्हणजे धुळीची सोय झाली असे कुणी म्हणू नये, आणि असे म्हणणारे आहेत म्हणून हे लिहिले.

धूळ कमी करण्याचे खरे काम यंत्राने होते. २००० मध्ये केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले, त्यातून देशभरातल्या शेकडो जिन-प्रेसचे आधुनिकीकरण झाले. ओंजळीऐवजी पट्ट्यांवरून आणि नळ्यांतून कापूस यंत्रात जाऊ लागला, कचरा आधीच झाडला जाऊ लागला. पण त्या अभियानाचा हेतू गाठीची स्वच्छता हा होता. गाठीतला कचरा किती टक्के, हे मोजले जाते, कारण त्यावर भाव ठरतो. नळीच्या तोंडाशी उभ्या बाईच्या नाकाजवळ धूळ किती, हे कुठल्या भावात धरले जात नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १४ व्या कलमात धूळ उगमाशीच ओढून घेण्याची तरतूद स्वच्छ शब्दांत आली. चार महिन्यांची जुनी अटही केव्हाच गेली, जिन कारखाना ठरला. तरतूद आहे, निरीक्षक थोडे आहेत, आणि निरीक्षकाचे येणे ठरेपर्यंत हंगाम संपलेला असतो.

परभणीत आज कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासूनचे, ज्याने देशी कापसाचे वाण जपले आणि सुधारले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आता आहे. फुंकरीचे यंत्र हातात मावते आणि एका माणसाच्या तपासणीला पंधरा-वीस मिनिटे लागतात. मानवत, सेलू, पाथरी, परभणी इथल्या जिनांत दिवाळीपूर्वी एकदा, हंगामाच्या पहिल्या आठवड्यात कामाआधी आणि कामानंतर, आणि पुढे वैशाखात जिन थंडावल्यावर एकदा, असे आकडे घेतले पाहिजेत. ते नावासकट, जिनच्या नोंदीसकट, त्या बाईच्याच हातातल्या कार्डावर लिहिले पाहिजेत, म्हणजे पुढच्या दिवाळीला ती दुसऱ्या जिनात गेली तरी मागचा हंगाम तिच्याबरोबर जाईल, आणि कधी भरपाईच्या अर्जाची वेळ आलीच तर सलग नोकरीचा पुरावा मागणाऱ्या टेबलावर ठेवायला तिच्याकडे वर्षावर्षाचा श्वास लिहिलेला असेल.